लाल फिल्टर

नवा दगड बाबांच्या फोटोंवरून कोरायचं ठरलंय, हे मिस्टर तेओंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. मी "थँक यू" म्हटलं, फोन ठेवला आणि पॅन्ट्रीत गेले. तिथे कोणी नव्हतं. कपात पाणी घेतलं, ते न पिता बेसिनमध्ये ओतलं आणि परत जागेवर येऊन बसले.

बाबा फेब्रुवारीत गेले. आता जुलै संपत आला होता.

बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत सर्व्हेयर होते. जमिनीखालचे रस्ते मोजायचे आणि त्यांचे नकाशे काढायचे, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर ते आणि आई दरवर्षी काही महिने आमच्याकडे सिंगापूरला, जुरोंग ईस्टला येत. आईला इथे मैत्रिणी मिळाल्या होत्या. बाबा मात्र सकाळी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कुठेतरी निघून जायचे आणि जेवायच्या वेळेला उन्हाने रापून परतायचे. बुकित गोम्बाकला ग्रॅनाइटची एक जुनी खदान आहे. ती बंद पडल्यावर तिचं तळं झालं. आता नवरा-नवरी तिथे लग्नाचे फोटो काढायला येतात, मागे कडा आणि पुढे पाणी असे. बाबा पहिल्या दिवशी ते तळं बघून आले आणि म्हणाले, "खदान दिसली. खणणारे कुठे दिसले नाहीत."

मग ते खणणारे शोधायला गेले. टेकडीच्या मागच्या अंगाला भाड्याच्या, एकेका खोलीच्या घरांचे जुने ब्लॉक आहेत. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक दगड उभा आहे, पुरुषभर उंचीचा, त्याच खदानीतला. खदानीत राबलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत, बहुतेक चिनी लिपीत, थोडी तमिळमध्ये. चारही बाजूंना नावं. बाबांनी एकेका बाजूचा एकेक फोटो काढला आणि त्या कामासाठी ते कितीतरी सकाळी तिथे जात राहिले.

फोटो काळे-पांढरे. बाबा दुसरे काढतच नसत. आणि ते धुवायचे घरीच. इथल्या नव्या फ्लॅट्समध्ये एक बिनखिडकीची, जाड भिंतींची खोली असते. युद्ध झालं तर लपायला. लोक तिच्यात सूटकेसी आणि तांदळाच्या गोणी ठेवतात. बाबांनी तिची डार्करूम केली. लोखंडी दार ओढून घेतलं की आत मिट्ट काळोख. "ड्यूटीवर जाऊन येतो," असं आईला सांगून ते आत शिरायचे. माझा नवरा निशिकांत म्हणायचा, "बाबा, युद्ध सुरू झालं तर आम्ही आधी दार वाजवू. तुमची प्रिंट पूर्ण झाली की मग आत घ्या."

त्या दिवशी ते त्याच खोलीतून बाहेर आले, आईला म्हणाले, "जरा पडतो," आणि पडले ते उठले नाहीत. चार प्रिंट्स आत दोरीवर वाळत होत्या. त्या मी काढल्या. फोटो धुवायच्या रसायनांच्या बाटल्या निशिकांतने निकालात काढल्या आणि सूटकेसी परत आत गेल्या.

जूनमध्ये घरी एक फोन आला. मिस्टर वैरागडे आहेत का? खदान कामगारांच्या जुन्या मंडळाचे सेक्रेटरी बोलत होते, मिस्टर तेओ. ते ब्लॉक वर्षअखेरीस रिकामे व्हायचे होते. दगडही हलवायचा होता, पण तो आतून तडकलेला. हलवला तर दोन तुकडे होणार. म्हणून मंडळ मलेशियातल्या इपोहच्या एका कारखान्यातून तसाच नवा दगड करून घेणार होतं आणि मिस्टर वैरागड्यांनी फोटो देण्याचं कबूल केलं होतं. मी लिफाफा नेऊन त्यांच्या हातात दिला. ते एका बँकेत क्लार्क होते, आता निवृत्त. आम्ही शहरात एका कॉफीशॉपमध्ये भेटलो. त्यांनी एकेक प्रिंट टेबलावर सरळ ठेवली आणि भिंग लावून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "एकेक रेघ दिसते."

म्हणून जुलैतल्या त्या फोननंतर मला पाण्याचा कप लागला. बाबांनी केलेली शेवटची वस्तू कुठेतरी दगडात उतरणार होती. ती तशीच उतरावी, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. दुसरं काय हवं आहे हे मला सांगता आलं नसतं.

रात्री जेवताना आईला सांगितलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "माझा एक फोटो धड काढला नाही त्यांनी. सारखं आपलं, हलू नकोस, हलू नकोस. दगड बरा, हलत नाही." मग पानातला भात नीट गोळा करत म्हणाली, "पण त्या माणसांना म्हणावं, नीट बघून घ्या. एकदा कोरलं की कोरलं."

मिस्टर तेओंनी मला एक कामही दिलं होतं. नव्या दगडाशेजारी वस्तीचे दोन-चार फोटो लावायचे होते. बाबांनी वस्तीचे काढलेच नव्हते. मी काढीन का? मी लगेच हो म्हटलं. मी तिथे कधी गेले नव्हते. बाबांच्या जागा बाबांच्या असायच्या.

शनिवारी सकाळी मी बाबांची पिशवी घेऊन निघाले. आत माझाच कॅमेरा होता, साधा, रंगीत रोलचा. पिशवी घेतली ती तिचा पट्टा सवयीचा वाटला म्हणून.

ब्लॉकच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये दारं उघडी होती. एका खोलीत एक संसार. दारातून आतली पूर्ण लांबी दिसायची: पलंग, टीव्ही, टीव्हीवर घड्याळांची रांग, आणि थेट मागच्या खिडकीबाहेर बांबूला टांगलेले लेंगे. जवळपास प्रत्येक उंबऱ्याशी बिस्किटाचा जुना डबा, त्यात वाळू, वाळूत उदबत्तीच्या जळून गेलेल्या काड्या. बिस्किटं कुठल्या कंपनीची हे मी वाचत गेले. एकाने दाराशी पोपटाचा पिंजरा टांगला होता आणि पिंजऱ्यात पोपटाऐवजी कांदे ठेवले होते. मी फोटो घेतला. मालक बनियनवर बाहेर आला, कांद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"छान हवा लागते," तो इंग्रजीत म्हणाला. "पोपटाला मानवली नाही."

तळमजल्यावर, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत, लोकांनी टाकून दिलेले सोफे गोल मांडले होते. एकावर पाय दुमडून दोन म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत होते. तिसरा दोघांनाही चुका सांगत होता आणि दोघांच्याही शिव्या खात होता. या माणसांनी तो कडा फोडला असेल का? हातांकडे बघितलं. हातांवरून काही कळलं नाही. म्हातारे हात सगळीकडे सारखेच असतात.

मग ब्लॉकच्या कोपऱ्यावरून वळले आणि दगड दिसला.

तो रंगीत होता.

मला क्षणभर वाटलं, हा दुसराच. महिनोन् महिने मी तो करड्या रंगात पाहिला होता: काळपट दगड, त्यावर पांढरी स्वच्छ नावं. इथे दगड निळसर होता आणि नावं सोनेरी होती. आणि सोनेरीच्या मधून मधून काही नावं लाल. गडद, जाड रंगाची, एक इथे, एक तिथे, काही क्रम नसलेली.

पहिलं मनात आलं ते शेंदराचं. आपल्याकडे दगडाला लाल काही फासलं की तो साधा दगड उरत नाही. म्हणजे ही मानाची माणसं असणार. सुरुंग लागून गेलेली, किंवा मुकादम, किंवा ज्यांच्या घरचे अजून येऊन रंग देतात ती. हे शेवटचं मला आवडलं. सोनेरी रंग जागोजागी उडाला होता, लाल मात्र ताजा होता. मी लाल नावांचे जवळून फोटो घ्यायला लागले आणि एका नावावरचं वाळलं पान काढायला हात पुढे केला.

"ए! हात नको!"

सुपरमार्केटची पिशवी घेतलेली एक म्हातारी माझ्याकडेच येत होती. फुलाफुलांचा पायजमा, तसलाच ब्लाउज, पांढरे केस पिना लावून चापून बसवलेले. तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं मलय त्याहून मोडकं. दोन्हींच्या मधे कुठेतरी आमचं बोलणं झालं. ते मी माझ्या भाषेत सांगते आहे.

"कोण तू? ब्लॉक पाडणाऱ्यांची?"

"नाही, आंटी. इथे एक अंकल यायचे, कॅमेरावाले, टोपी घालून. त्यांची मुलगी."

"कॅमेरा अंकल!" तिने पिशवी खाली ठेवली. "कुठे आहे तो? मला फोटो देतो म्हणाला आणि पळाला."

"वारले. फेब्रुवारीत."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "किती वर्षांचा?"

"सदुसष्ट."

"बेबी," ती म्हणाली आणि मान हलवली. मग विचारल्याशिवाय राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "आंटी, ही नावं लाल का?"

तिने मी हात लावणार होते त्या नावावर आपला पंजा ठेवला. "ही मी. मोय."

मी नावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"सोनेरी म्हणजे मेलेले," मोय आंटी म्हणाली. "लाल म्हणजे जिवंत. कॉलेजात गेलीस ना? एवढं शिकवत नाहीत?"

हळूहळू सगळं कळलं. खदानीत बरीच माणसं एकटी होती. मोय आंटीसारख्या खडी वाहणाऱ्या बायकाही होत्या, ज्यांनी लग्नं केली नाहीत. मेल्यावर आपल्या नावाने उदबत्ती कोण लावणार? म्हणून मंडळ काढलं. दरमहा थोडी वर्गणी देऊन जिवंतपणीच दगडावर नाव कोरून घ्यायचं. तोवर ते लाल, दरवर्षी नव्याने रंगवलेलं. माणूस गेला, कोणी येऊन तसं सांगितलं, की लालवर सोनेरी चढायचं. चिनी सातव्या महिन्यात, म्हणजे त्यांच्या पितृपक्षात, मंडळ वाटप करतं. सोनेरी नावांना उदबत्ती, लाल नावांना तांदूळ.

"पाच किलो," मोय आंटी म्हणाली. "थायलंडचा. चांगला."

मी ऐकत होते, पण माझं अर्धं लक्ष त्या चार प्रिंट्सकडे गेलं होतं. त्यांत सगळी नावं सारखी होती. सगळी पांढरी. मी कितीदा तरी पाहिली होती ती. लाल रंग काळ्या-पांढऱ्यात काळपट यायला हवा, निदान वेगळा तरी. एवढं बाबांच्या शेजारी उभं राहून मला माहीत होतं.

मी पिशवीत हात घातला. आतल्या लहान कप्प्यात काचेची एक चकती होती. बाबा लेन्सवर लाल काच लावायचे. तिने आकाश काळं होतं आणि दगडाचा पोत उठून येतो, असं ते सांगत. मी ती डोळ्याला लावली आणि दगडाकडे पाहिलं.

सगळं लाल झालं, आणि लाल नावं नाहीशी झाली. म्हणजे नावं होती, पण सोनेरीइतकीच उजळ, त्यांच्यात मिसळून गेलेली. मोय आंटीचा हात दिसत होता. बोटांमधून दिसणारं नाव कुठल्या रंगाचं ते काही केल्या कळेना.

"काय बघतेस? दे इकडे." तिने काच हिसकावून डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. दगडाभोवती एक फेरी मारून परत आपल्या नावाशी आली.

"हे वाईट आहे," ती म्हणाली.

"आंटी, बाबांनी यातूनच फोटो काढलेत. आणि नवा दगड त्या फोटोंवरून होणार आहे."

तिने काच खाली घेतली. "मग माझा तांदूळ?"

मंडळाची खोली शेजारच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर होती. मिस्टर तेओ आत कपाटं रिकामी करत होते. मी काही बोलायच्या आत मोय आंटी त्यांच्यावर तुटून पडली. हाक्का या चिनी बोलीत, त्यामुळे मला शब्द कळले नाहीत, पण मधे मधे स्वतःच्या छातीवर थापटी मारून ती काहीतरी दाखवत होती. मी जिवंत आहे, हेच असणार. मिस्टर तेओंनी लिफाफ्यातून प्रिंट्स काढल्या, खिडकीशी नेल्या आणि खुर्चीवर बसले.

"कारखान्याने फोनवर विचारलं होतं, सगळी सोनेरी ना?" ते मला म्हणाले. "मी म्हटलं, फोटो पाठवतो, त्यात आहे तसं करा."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"मिस नंदा, मी हा दगड चाळीस वर्षं बघतोय. फोटो हातात घेतला की मला रंग दिसतात. हे नाव लाल, हे सोनेरी. आत्तासुद्धा दिसतायत." त्यांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेली. "इथे नाहीत, नाही का?"

"मला मारलं याने," मोय आंटी मला म्हणाली. "तुझ्या बापाने आणि याने मिळून."

"आंटी, बाबांना माहीत नव्हतं."

"माहीत होतं. मीच सांगितलं त्याला. लाल म्हणजे काय ते. खूप हसला. मग असं केलं." तिने डावा तळहात पुढे धरला आणि त्यावर उजवी मूठ आपटली. पुन्हा एकदा आपटली. "मला कळलं नाही. वेडा असेल म्हटलं."

मला कळलं. शिक्का. आमच्याकडे पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाबा त्यासाठी इथल्या भारतीय वकिलातीत रांग लावायचे आणि घरी येऊन आम्हाला तस्साच हात आपटून दाखवायचे. "सरकारी कागदानुसार मी पुढल्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत. खाली उतरायचो तेव्हा कोणी विचारलं नाही."

मी हे आंटीला समजावलं. जमलं तेवढं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"दरवर्षी विचारतात? चांगलं सरकार. तांदूळ देतात?"

"पैसे देतात."

"मग ठीक."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं, आंटी? फोटो काढायच्या आधी की नंतर?"

"मला काय माहीत? तो रोज यायचा. उन्हाची वाट बघत बसायचा. मी बाजारातून येऊन जेवण करायचे, तरी हा बसलेलाच."

आधी की नंतर? आधी सांगितलं असेल तर बाबांनी जाणून लाल काच लावली. अक्षरं नीट यावीत म्हणून, रंगाचं पुढे बघू म्हणून. नंतर सांगितलं असेल, तर त्यांना चूक कळली होती आणि ते पुन्हा येणार होते. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. कुठेच पोचले नाही.

मिस्टर तेओ घसा साफ करून म्हणाले, "तुम्ही आज रंगीत काढलेत ना? तेच पाठवू. सोपं आहे. तुमच्या वडिलांचे आपण नव्या खोलीत फ्रेम करून लावू. फार सुंदर आहेत."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? एका जिवंत बाईचा प्रश्न होता. दगडाच्या चारी बाजूंचे फोटो घेऊन रोल संपवला, एमआरटी स्टेशनाजवळच्या दुकानात दिला आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. फ्रेम करून लावू. शाळेत मुलांची चित्रं लावतात तशी.

फोटो आले, ते घेऊन मी मंडळाच्या खोलीत परतले. रंग होते, लाल लाल होतं, सोनेरी सोनेरी. पण सूर्य बराच वर चढला होता आणि घोटलेल्या दगडावर त्याची नुसती झळाळी आली होती. मिस्टर तेओंनी भिंग लावलं. "हे कुठलं नाव? हे पण जातंय. ही आडवी रेघ नसेल तर दुसराच माणूस होतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना माझं मन दुखवायचं नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं की मला लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटत होतं.

"मी सोमवारी पहाटे येऊन काढते," मी म्हटलं. "बाबांसारखे."

"पाकीट आज जायला हवं. सातवा महिना लागला की कारखान्याचा मालक नावं कोरत नाही. त्याची बायको करू देत नाही. आणि त्यानंतर आम्हाला ही जागा सोडायची आहे."

निगेटिव्ह घरी होत्या, पण काळ्या-पांढऱ्याचं काम दुकानवाले बाहेर पाठवतात, दोन आठवडे जातात. मी समोरच्या दुकानातून प्रिंटची झेरॉक्स करून आणली. बारीक रेघा काळ्या डागांत बुडाल्या होत्या. आणि खुणांचा वेगळा कागद जोडला की कारखान्यात घोळ होतो, असं मिस्टर तेओ म्हणाले. टेबलावर सगळं पसरून आम्ही तिघं बघत बसलो. आणि मग जे मला मघापासून दिसत होतं ते मीच बोलले.

"प्रिंटवरच खूण करा. लाल नावांवर."

"या प्रिंट्सवर?" मिस्टर तेओ म्हणाले.

"या प्रिंट्सवर."

त्यांनी ड्रॉवरमधून काचेवर लिहायची मेणाची लाल पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी ती उचलली. पहिली प्रिंट पुढे ओढली. कागद अजून तसाच होता, कडेला बाबांच्या चिमट्याची खूण असलेला. पेन्सिल टेकवायची होती ती जागा मिस्टर तेओंनी बोटाने दाखवली. मी बघत राहिले.

"सरक," मोय आंटी म्हणाली. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि आपल्या नावावर, दात घट्ट मिटून, आडवीतिडवी घासली. मुलं घराचं छप्पर रंगवतात तशी. नंतर प्रिंट लांब धरून पाहिली आणि अजून दोनदा फिरवली.

"आता कोणाला दिसणार नाही असं होणार नाही."

त्यानंतर सोपं झालं. आम्ही खुर्च्या दगडाशी नेल्या, सावलीच्या बाजूला. मिस्टर तेओ दगडावरचं लाल नाव वाचायचे, प्रिंटवर ते शोधायचे आणि मोय आंटी रंगवायची. मी प्रिंट धरून ठेवायचे आणि विचारायचे, हा कोण? हा जोहोरला मुलीकडे, पाय गेले. ही तोआ पायोहच्या वृद्धाश्रमात, भांडकुदळ, तिथेही भांडते. हा सुरुंगाची वात लावायचा, वात लावून पळता पळता सिगारेट पेटवायचा. हा चोर. काय चोरलं? माझी छत्री. अजून जिवंत? "चोर मरत नाहीत," आंटी म्हणाली आणि त्याला रंगवलं.

एका नावाशी मिस्टर तेओ थांबले. "हा गेल्या वर्षी गेला. पेपरात होतं."

"कोणी सांगायला आलं?"

"आंटी, पेपरात फोटोसकट—"

"पेपर चालत आला इथे? कोणी आलं, या दगडासमोर उभं राहिलं, म्हणालं की हा गेला? नाही ना? लाल."

"पण माणूस मेलाय!"

"मेला असेल. आम्हाला सांगितलं नाही."

मिस्टर तेओंनी माझ्याकडे बघून हात वर केले. ते नाव लाल झालं.

चौथ्या बाजूला, खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर शेवटचं लाल नाव होतं. तमिळमध्ये. मिस्टर तेओंना ते वाचता येत नव्हतं, मलाही नाही.

"मुनियांडी," मोय आंटी न बघता म्हणाली.

"कोण होता?"

"ड्रिल चालवायचा. दिवसभर त्या मशीनवर. संध्याकाळी चमचा धरला तरी हात थरथरायचा, म्हणून हाताने जेवायचा. माझ्याकडून टॅपिओका घ्यायचा, उकडलेला." ती थांबली. "ताइपिंगला बहिणीला भेटून येतो म्हणाला."

"मग?"

"मग काय? गेला."

"ते कुठल्या साली, आंटी?" मिस्टर तेओ हळूच म्हणाले. "खदान बंद व्हायच्या आधी. कितीतरी आधी. आज असता तर शंभरी ओलांडली असती त्याने. याला सोनेरी करू या. कोणी हरकत घेणार नाही."

मला वाटलं, आंटी आता उसळेल. चोराला तिने लाल ठेवलं होतं, पेपरात आलेल्यालाही. पण पेन्सिल तिच्या हातात होती आणि तो हात मांडीवर होता.

"त्याला भात फार आवडायचा," ती म्हणाली. "तांदूळ सुरू झाला तेव्हा मी दोन-तीन वर्षं त्याचा वाटा ठेवून घेतला. जिवंत असता तर भाताला आला असता." मग तिने पेन्सिल माझ्यासमोर धरली. "तू कर. तू इंडियन. तुझा माणूस आहे."

"आंटी, मी त्यांना ओळखतही नाही."

"म्हणूनच."

मी पेन्सिल घेतली. मेण तिच्या हाताने मऊ झालं होतं. प्रिंट गुडघ्यावर ठेवली. बाबांनी हे नाव काढायला किती खाली वाकून बसावं लागलं असेल, हे आता कळत होतं. अक्षरांच्या कडा अशा तीक्ष्ण आल्या होत्या की बोटाला लागतील. पांढरं, नीट, शेजारच्या सगळ्यांसारखं नाव.

"कोणी सांगायला आलं होतं?" मी विचारलं.

"नाही," मिस्टर तेओ म्हणाले.

मी नावावर पेन्सिल टेकवली आणि रंगवायला सुरुवात केली. गुळगुळीत कागदावरून मेण आधी घसरलं. मग मी जोर दिला. एकेक अक्षर भरत गेले, वळणं सोडली नाहीत. शेवटच्या अक्षराशी थोडं बाहेर गेलं, ते नखाने खरवडलं. खालचा कागद थोडा उठला. चालेल.

मोय आंटीने वाकून पाहिलं आणि आपली सुपरमार्केटची पिशवी उचलली.

"पोस्ट दुपारी लवकर बंद होतं शनिवारी," मिस्टर तेओ म्हणाले. ते प्रिंट्सच्या मधे पातळ कागद घालत होते. "तुम्ही येता का? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लागेल. मंडळाचं घालू की तुमचं?"

"माझं घाला," मी म्हटलं, आणि लिफाफ्याचं तोंड धरून उभी राहिले.